व्हॅक्यूमच्या चिरलेल्या नळीस खुले पत्र

प्रति,
व्हॅक्यूमची चिरलेली नळी,
मुक्काम टर्बोच्या मागे, हीट शील्डच्या आड.

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची रीत आहे. तुझ्यासाठी ती मोडतो आहे. तू आत्ता माझ्यासमोर टेबलावर पडली आहेस. करंगळीपेक्षा बारीक, वीतभर लांब, वरून अगदी धडधाकट. एका टोकाला धरून वाकवलं की मगच चीर तोंड उघडते, आणि सोडलं की पुन्हा मिटते. अंगावर तेलाचा हलका थर आहे, त्यामुळे तू नवी असल्यासारखी चकाकतेस. ज्यांनी ज्यांनी बॉनेट उघडून आत डोकावलं, त्या सगळ्यांना तू अशीच चकाकून दाखवलंस आणि ते पुढे गेले.

तुझं कर्तृत्व मोठं आहे, ते मी नाकारत नाही. दोन टनांची जुनी फोर-बाय-फोर, टर्बोचं डिझेल इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चारही चाकांना ताकद वाटणारा ट्रान्सफर केस, एवढा सगळा पसारा तू एकटीने गुडघ्यावर आणलास. आणि दोष? दोष आधी गिअरबॉक्सवर, मग टर्बोवर, मग इंजेक्टरवर, मग पंपावरच्या डिझेलवर आणि शेवटी गाडीच्या वयावर. तू नामानिराळी. पत्र जाहीर लिहितो आहे ते याचसाठी. तुझ्या कुळातल्या नळ्या अजून कितीतरी गाड्यांमध्ये अशाच चकाकत बसल्या आहेत, आणि त्यांच्यापायी चांगल्या गाड्या मातीमोल भावाने विकल्या जात आहेत.

आधी तुझा सर्वांत गंभीर गुन्हा सांगतो. तो पैशांचा नाही. चिपळूणहून कराडकडे निघालं की पोफळी मागे पडते आणि कुंभार्ली घाटाचा चढ लागतो. पुढे चिऱ्याने भरलेला ट्रक होता. रस्ता मोकळा दिसला तशी गाडी उजवीकडे काढली आणि पेडल खाली दाबलं. गिअरबॉक्सने आपलं काम चोख केलं. एक गिअर खाली टाकला, इंजिनचे फेरे वाढले, आवाज चढला. गाडी मात्र ट्रकच्या मागच्या चाकांपर्यंत आली आणि तिथेच रेंगाळली. निम्मं अंतर कापलेलं, पुढे वळण, पाय फळीला टेकलेला आणि इंजिनकडून काहीच उत्तर नाही. ब्रेक मारून पुन्हा ट्रकच्या मागे यावं लागलं. गाडीत घरची माणसं होती. जॉब कार्डावर ‘पिकअप कमी’ असे दोन शब्द लिहिले जातात, त्यांचा रस्त्यावरचा अर्थ हा असतो. सावकाश चालणाऱ्या गाडीची सवय होते, माणूस जपून चालवतो. ऐन वेळी मागितलेली ताकद न देणारी गाडी मात्र माणसं मारू शकते. तू माणसं मारू शकली असतीस.

आता तू कुणाकुणाला आरोपी केलंस ते बघू.

पहिला आरोपी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तो तर तुझ्यासाठी आयताच होता, कारण या गिअरबॉक्सबद्दल आपल्याकडे भीती फार आणि माहिती थोडी. मॅन्युअल गाडीत इंजिनाचा जोर कमी पडला तर चालकाला लगेच कळतं. गिअर त्याच्या हातात असतो, चौथ्यात ओढत नाही म्हटलं की तो तिसरा टाकतो आणि म्हणतो, इंजिन दमलंय. ऑटोमॅटिकमध्ये हा निर्णय गिअरबॉक्स घेतो. जोर कमी पडला की चालक पेडल जास्त दाबतो, पेडल जास्त दाबलं की गिअरबॉक्स खालचा गिअर धरून ठेवतो, फेरे वाढतात, आवाज होतो, वेग वाढत नाही. शेजारी बसलेला माणूस ऐकतो आणि छातीठोकपणे सांगतो, ‘गिअरबॉक्स स्लिप मारतोय.’ गॅरेजमध्येही तेच ऐकायला मिळालं. ‘साहेब, कन्व्हर्टर तरी गेलाय नाहीतर आतल्या क्लच प्लेटा. खोलावा लागेल.’

खोलावा लागेल! ऑइलचा रंग कुणी पाहिला नव्हता, त्याचा वास कुणी घेतला नव्हता. क्लच प्लेटा जळत असतील तर गिअरबॉक्सचं ऑइल काळवंडतं आणि त्याला करपट वास येतो. डिपस्टिक असेल तर पांढऱ्या कागदावर एक थेंब टेकवून हे कळतं. आमच्या गाडीचं ऑइल लालसर आणि स्वच्छ होतं. शिवाय खरं स्लिप ओळखायची साधी खूण आहे. गिअर तोच असताना फेरे वाढतात आणि वेगाचा काटा जागचा हलत नाही, ते स्लिप. फेरे आणि वेग दोन्ही एकमेकांचा हात धरून, पण रडतखडत वाढत असतील, तर गिअरबॉक्स इमानाने काम करतो आहे आणि त्याला वरून जोरच मिळत नाही. ही खूण पाहायला ना लिफ्ट लागते ना पाना. डॅशबोर्डवरचे दोन काटे लागतात. तू त्या दोन काट्यांच्या मधून निसटलीस.

याहून पक्की चाचणी स्टॉल टेस्टची. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली ऑइलने भरलेली जोडणी. गाडी जागेवरून उठताना ती इंजिनाचा पीळ साधारण दुप्पट करून चाकांकडे पाठवते. चाकांना उट्या लावायच्या, हँडब्रेक ओढायचा, ब्रेक पूर्ण दाबायचा, डी मध्ये टाकून अॅक्सिलरेटर पूर्ण द्यायचा आणि फेरे कुठे जाऊन अडतात ते बघायचं. पाच सेकंदांच्या वर नाही, आणि लगेच न्यूट्रलमध्ये टाकून ऑइल थंड होऊ द्यायचं, कारण त्या पाच सेकंदांत इंजिनाची सगळी ताकद ऑइल तापवण्यात जाते. समोर माणूस उभा ठेवायचा नाही. फेरे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याच्या बरेच वर गेले तर गिअरबॉक्सच्या आत घसरण आहे. बरेच खाली अडले तर इंजिन कमजोर आहे, किंवा क्वचित कन्व्हर्टरमधला स्टेटर नादुरुस्त आहे. मॅन्युअलमध्ये आकडा दोन हजारांच्या वरचा होता, आमची गाडी सतराशेच्या आसपास अडली. म्हणजे गिअरबॉक्स निर्दोष सुटण्याच्या वाटेवर होता. तरीही कुणीतरी त्याचं कोटेशन छापून हातात दिलं होतं. ते दिलं कुणी, हे मी इथे लिहिणार नाही. ते देण्याची वेळ तू आणलीस.

दुसरा आरोपी टर्बो. त्याच्यावर तर तू फारच अन्याय केलास, कारण तो तुझ्या भरवशावर होता. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये पेटंट घेतलं तेव्हापासून टर्बोची मूळ कल्पना तीच आहे: धूर बाहेर जाताना त्याच्या जोरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच आसावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबायची. हवा जास्त, तर डिझेल जास्त जाळता येतं. आपल्या रस्त्यांवरच्या कॉमन रेल डिझेल गाड्यांत पुष्कळ ठिकाणी या टर्बोला आतून हलणारी पाती असतात. फेरे कमी असताना पाती मिटतात, वाट अरुंद होते, धुराचा झोत वेगाने चक्रावर आदळतो आणि कमी फेऱ्यांनाही बूस्ट, म्हणजे कोंबलेल्या हवेचा वाढीव दाब, मिळतो. फेरे वाढले की पाती उघडतात. ही पाती एक दांडी हलवते, दांडीला एक डबी ओढते, आणि डबीला ओढण्याचं बळ कुठून येतं? तुझ्यातून.

पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते, तिच्यामागे आपोआप निर्वात तयार होतो. डिझेलला तशी झडप मुळात लागत नाही. त्याची ताकद डिझेल किती सोडलं यावर ठरते. म्हणून डिझेल गाडीत निर्वात फुकट मिळत नाही, त्यासाठी इंजिनावर वेगळा व्हॅक्यूम पंप बसवावा लागतो. तो ब्रेकच्या बूस्टरला बळ देतो, टर्बोच्या डबीला देतो, आणि पुष्कळ फोर-बाय-फोर गाड्यांत पुढचा अॅक्सल जोडण्या-सोडण्याचं कामही त्याच्यावरच असतं. मित्सुबिशी पजेरोच्या पुढच्या अॅक्सलमधला क्लच असाच व्हॅक्यूमवर चालतो. एक पंप, आणि त्याच्यापासून निघालेल्या तुम्ही नळ्या. रसवंतीत रस पिताना स्ट्रॉ चिरलेली निघाली की कितीही ओढलं तरी वर नुसती हवा येते. तू तेच केलंस. पंप इमाने-इतबारे ओढत राहिला आणि तू बाजूने हवा घेत राहिलीस. डबीला पुरेशी ओढ मिळाली नाही, पाती उघडीच राहिली, आणि दोन हजार फेऱ्यांच्या खाली, जिथे जड गाडीला चढावर सगळ्यांत जास्त जोर लागतो, तिथेच टर्बो असूनही नसल्यासारखा झाला. अडीच-तीन हजारांच्या पुढे धूरच इतका वाढायचा की पाती उघडी असूनही थोडा बूस्ट यायचा. म्हणून द्रुतगती मार्गावर गाडी ठीक वाटायची आणि घाटात मरगळायची. हा फरक सांगूनही ‘टर्बो उडाला असणार’ हेच उत्तर मिळालं.

टर्बो उडाला असता तर त्याच्या आसात ढिलाई असती, हवेच्या पाइपात तेल साचलं असतं, निळसर धूर आला असता, शिट्टीचा सूर बदलला असता. यातलं एकही लक्षण नव्हतं. हवेचा पाइप काढून चक्राला बोटाने हलवून पाहायला फार वेळ लागत नाही. कुणी पाहिलं नाही, कारण अख्खा टर्बो बदलणं हे तपासण्यापेक्षा सोपं आणि किफायतशीर वाटतं. किफायत कुणाची, ते गाडीमालकांनी ओळखावं.

तुझी लबाडी इथे संपत नाही. काळा धूर दिसला असता तर एखाद्याने तरी हवेची बाजू तपासली असती. पण तू धूरही येऊ दिला नाहीस. आत येणारी हवा कमी आहे हे सेन्सरकडून कळल्यावर इंजिनाचा संगणक डिझेल कमी सोडतो, म्हणजे न जळलेल्या इंधनाचा काळा धूर होत नाही. ताकद जाते, धूर नाही. चेक इंजिनचा दिवाही लागला नाही, कारण तू पूर्ण तुटली नव्हतीस. अर्धवट ओढ देत होतीस. मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट यांतली तूट ठरावीक मर्यादेपुढे आणि ठरावीक वेळ राहिली तरच दिवा लागतो. तू त्या मर्यादेच्या अलीकडेच थांबलीस. आणि वर हे सगळं तू गाडी तापल्यावरच करायचीस. सकाळी गॅरेजमध्ये गार गाडी फिरवली की तुझं रबर आखडलेलं, चीर मिटलेली, गाडी बरी. ‘साहेब, आम्ही ट्रायल घेतली, काही प्रॉब्लेम नाही.’ इंजिन तापून रबर सैल पडलं की तुझं तोंड उघडायचं. गार गाडीची ट्रायल घेऊन तापलेल्या गाडीचा आजार सापडत नाही, हे गॅरेजवाल्यांना ठाऊक नसतं असं मी मानत नाही.

बाकीच्या आरोपींचा विषय थोडक्यात संपवतो. डिझेल फिल्टर बदलला गेला. त्यात वाईट काही नाही, पण इंधन कमी पडणारी गाडी बहुधा वरच्या फेऱ्यांना आणि पूर्ण भाराखाली तुटते, आमची खालच्या फेऱ्यांना दमत होती. एअर फिल्टर स्वच्छ होता. चाकं उचलून हाताने फिरवली, ब्रेक कुठे घासत नव्हते. टायर कंपनीने दिलेल्याच मापाचे होते. फोर-बाय-फोरला हौसेने मोठे टायर चढवले तरी गाडी जड होते, कारण प्रत्येक गिअर लांब पडतो, आणि हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

ईजीआर व्हॉल्व्हबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात पाठवणारी ही झडप ज्वलनाचं तापमान खाली आणते, आणि त्यामुळे नायट्रोजनचे घातक ऑक्साइड कमी तयार होतात. जुन्या गाडीत तिच्यावर काजळी आणि तेलाच्या वाफेचा राप बसतो, ती उघडी अडकते, आणि मग गाडी अगदी तुझ्यामुळे मरगळते तशीच मरगळते. तेव्हा तिच्यावर संशय घेणं रास्त होतं. पण तपासण्याऐवजी ‘पत्रा टाकून बंद करून टाकू, पिकअप बघा कसा येतो’ असा सल्ला जागोजागी मिळतो. हा सल्ला चुकीचा आहे. काजळी साफ करता येते, झडप बदलता येते. ती बंद करून मोकळं होणं म्हणजे आपल्या गाडीचं विष रस्त्यावरच्या दुसऱ्याच्या छातीत सोडणं. देशभर भारत स्टेज चार २०१७ मध्ये आणि भारत स्टेज सहा २०२० मध्ये लागू झालं, त्याच्या आधीच्या जुन्या गाड्या मुळातच जास्त धूर सोडतात. त्यात ही भर नको. आमच्याकडे झडप काढून पाहिली, ती बिनतक्रार उघडत-मिटत होती.

तुला पकडलं ते एका पोराने. आयटीआय करून नुकताच कामाला लागलेला, बोलायला बुजरा. त्याने पहिल्यांदा जे विचारलं ते आधी कुणीच विचारलं नव्हतं. ‘काका, गाडीला दुसरी काही तक्रार आहे का? पिकअपशी संबंध नसलेली?’ होती. फोर-व्हीलमध्ये टाकलं की डॅशबोर्डवरचा पुढच्या चाकांचा दिवा कधीकधी नुसताच लुकलुकायचा, स्थिर व्हायचा नाही. ती तक्रार वेगळी म्हणून वेगळ्या कागदावर लिहिली गेली होती, आणि तिच्यासाठी ट्रान्सफर केसचा स्विच बदलायचा ठरला होता. पोरगा म्हणाला, ‘मग दोन्ही एकच असणार. दोन्हीकडे व्हॅक्यूम लागतो.’

त्याने गाडी तापेपर्यंत फिरवून आणली. मग स्कॅनर लावला. कोड आहेत का, हे त्याने दुय्यम मानलं आणि चालू आकडे पाहिले. इंजिन बंद, चावी चालू, तेव्हा मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेतला, दाब १०१ किलोपास्कलच्या आसपास. आम्ही चिपळुणात होतो, आणि ते जवळजवळ समुद्रसपाटीला असल्याने तेवढाच यायला हवा. पुण्यात हाच आकडा पंचाण्णवच्या जवळ येईल आणि महाबळेश्वरला शहाऐंशीच्या, म्हणजे सेन्सर खरं बोलतो की नाही ते चावी फिरवून कळतं. मग चढावर पूर्ण अॅक्सिलरेटर देऊन आकडे पाहिले. संगणक मागत होता २१०, मिळत होते १३०. रेलमधला डिझेलचा दाब मात्र मागणीबरहुकूम होता. एवढ्यावर डिझेलचा पंप सुटला आणि इंजेक्टरवरचा संशयही कमी झाला.

नंतर त्याने जे केलं ते प्रत्येक गाडीमालकाने पाहून ठेवावं. इंजिन बंद केलं. टॉर्चचा झोत टर्बोच्या बाजूच्या डबीवर धरला. डबीतून बाहेर आलेली पेन्सिलएवढ्या जाडीची दांडी उजेडात आली. मला म्हणाला, ‘काका, आता स्टार्ट करा.’ इंजिन चालू झाल्याबरोबर डबीने दांडी ओढून घ्यायला हवी, आणि बंद केल्यावर ती परत यायला हवी. दांडी जेमतेम थरथरली आणि जागच्या जागी राहिली. मग त्याने हाताने चालवायचा छोटा व्हॅक्यूम पंप थेट डबीला जोडला आणि दाबला. दांडी सरकन आत गेली, कुठे अडखळली नाही, आणि आत गेलेली तशीच राहिली. म्हणजे डबी फुटलेली नाही आणि पाती काजळीने अडकलेली नाहीत. टर्बो निर्दोष. शेवटी इंजिनाच्या व्हॅक्यूम पंपाच्या तोंडाशी गेज लावलं तर काटा पंचवीस इंच पाऱ्याच्या वर. पंपही निर्दोष. गेज पुढे टी-जोडाच्या पलीकडे नेलं, काटा निम्म्याखाली आला. मधे फक्त तू उरलीस. त्याने तुला टी-जोडापासून ओढून काढलं, बोटांत वाकवलं, आणि चीर उघडली.

टर्बोच्या टर्बाइनमधून जाणारा धूर भाराखाली सातशे अंशांच्या पुढे तापतो. त्याच्या बाजूला वर्षानुवर्षं राहून, तेलाची वाफ खाऊन रबर कडक होतं आणि तडकतं, हे मला मान्य आहे. म्हातारं होण्याबद्दल तुला दोष नाही. दोष याबद्दल आहे की तू म्हातारी झालीस आणि बोल लागला गाडीला. ‘काका, पंधरा वर्षं होत आली, आता काढून टाका,’ असं सांगणारे चार जण भेटले. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, पर्यावरण कर भरावा लागतो, ते आम्ही भरू. पण निर्दोष गिअरबॉक्स आणि निर्दोष टर्बो असलेली गाडी वीतभर रबरासाठी भंगारात काढणं हा गुन्हा आहे, आणि तो घडवून आणण्याचा तू प्रयत्न केलास.

आणखी एक, आणि याला क्षमा नाही. ब्रेकचा बूस्टर त्याच पंपावर चालतो. तू थोडी जास्त चिरली असतीस तर उतारावर ब्रेकचं पेडल कडक झालं असतं. घाट चढतानाच्या अपमानाबद्दल तुला सोडून देता येईल. घाट उतरतानाच्या या धमकीबद्दल नाही.

तुझ्या जागी आता उष्णता सोसणारी, व्हॅक्यूमसाठी बनवलेली जाड भिंतीची नवी नळी आहे, आतल्या व्यासाचं माप तेच ठेवून. तुझ्या ओळीतल्या बाकीच्या नळ्याही सोबत बदलल्या, कारण त्या तुझ्याच वयाच्या होत्या. सगळा खर्च काही शे रुपयांत झाला. त्याच चढावर मागितलेला बूस्ट आता पूर्ण मिळतो, आणि फोर-व्हीलचा दिवा स्थिर लागतो.

गॅरेजवाल्यांना माझं सांगणं आहे की पार्ट बदलण्याआधी आकडा दाखवा. मागणी किती, मिळतं किती, हे ग्राहकाला स्क्रीनवर दाखवायला काही खर्च येत नाही. बदललेला पार्ट त्याच्या हातात परत द्या. आणि तपासायला लागलेल्या वेळाचे पैसे मोकळेपणाने मागा, ते आम्ही देऊ; त्या पोराने जेवढे सांगितले त्याहून जास्त मी दिले, आणि तरी ते कमीच होते.

आणि वाचकहो, तुमच्याकडे दहा वर्षांवरची डिझेल ऑटोमॅटिक असेल आणि चढावर ती दमत असेल, तर या रविवारी बॉनेट उघडा. इंजिन बंद आणि गार असताना व्हॅक्यूमची प्रत्येक नळी बोटांत वाकवून पाहा. मग गाडी चांगली तापवून आणा, घरातल्या कुणालातरी चावी द्या, हात पंख्यापासून आणि पट्ट्यांपासून लांब ठेवा, टॉर्च टर्बोच्या डबीवर धरा आणि इंजिन चालू करायला सांगा. काही गाड्यांत हे काम विजेची मोटर करते, तिथे ही नळी नसते. पण तुमच्या गाडीत डबी असेल आणि दांडी हलत नसेल, तर गिअरबॉक्सच्या कोटेशनवर सही करू नका.